लोकरीची वेणी आणि एक ऐकीव गोष्ट



डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या शाळेला निघताना स्वेटर, कानटोपी, पायमोजे असं सगळं अंगावर चढतं. उरतात ते फक्त हात. हातमोजे घातले तर पेन्सिल धरता येत नाही, वहीचं पान उलटत नाही, डब्याचं झाकणसुद्धा उघडत नाही. आणि नाही घातले तर बोटं अशी काही गारठतात, की शुद्धलेखनाचं अशुद्धलेखन होऊन बसतं!

यावर एक छान उपाय आहे. लोकरीच्या सुट्या बाह्या! कोपराखालून निघून बोटांच्या मुळापर्यंत येणाऱ्या, अंगठ्याला एक भोक असलेल्या आणि बोटं मोकळी ठेवणाऱ्या. तुम्ही म्हणाल, बोटं तर उघडीच राहिली, मग उपयोग काय? डॉक्टरकाका नाडी कुठे बघतात ते आठवा. मनगटापाशी रक्तवाहिनी कातडीच्या अगदी जवळून जाते. तिथे ऊब राहिली, की पुढे बोटांकडे जाणारं रक्तही फार गार होत नाही.

अशा बाह्या आज आपण स्वतः विणणार आहोत. आणि त्यावर मधोमध घालणार आहोत एक झोकदार वेणी. त्या वेणीमागे एक प्रसिद्ध गोष्ट आहे. ती खरी की खोटी, तेही तपासू या.

एकच धागा

आपल्या मराठीत 'विणणे' हा शब्द किती ठिकाणी वापरतात, बघा. घोंगडी विणतात, टोपली विणतात, खाट विणतात, कोळी जाळं विणतो आणि आजी स्वेटर विणते! शब्द एक, पण काम वेगळं. घोंगडी मागावर होते. तिथे काही धागे उभे ताणलेले असतात आणि आडवा धागा त्यांच्या वरून-खालून फिरतो. स्वेटरचं तसं नाही. तिथे धागा एकच. त्याचा एक फासा करायचा, त्या फाशातून दुसरा फासा बाहेर ओढायचा, त्यातून तिसरा. म्हणूनच जुन्या स्वेटरचा धागा टोकाकडून ओढला, की सगळा स्वेटर भराभर उसवत जातो आणि हातात लोकरीचा गुंडा येतो!

प्रत्येक फाशाला म्हणायचं टाका. टाके दोनच प्रकारचे. सुलट आणि उलट. गंमत अशी, की हे दोन्ही टाके म्हणजे एकाच टाक्याच्या दोन बाजू! समोरून बघितला तर सुलट, मागून बघितला तर उलट. जगातली सुयांवरची बहुतेक सगळी नक्षी या दोन टाक्यांच्या जोरावर उभी आहे.

सहा जणांचा खेळ

मग वेणी कशी पडते? ती सुयांवर शिकण्याआधी वर्गात खेळून बघा.

सहा मुलं एका रांगेत उभी करा. त्यांना १ ते ६ असे नंबर द्या. आता १, २, ३ या तिघांनी एक पाऊल पुढे यायचं. ४, ५, ६ यांनी सरकून त्यांच्या जागी जायचं. मग पुढच्या तिघांनी ४, ५, ६ च्या रिकाम्या जागी जाऊन उभं राहायचं. रांग कशी झाली? ४, ५, ६, १, २, ३. हाच खेळ पुन्हा एकदा खेळा. रांग परत १, २, ३, ४, ५, ६! सगळे आपापल्या जागी, पण मधल्या मध्ये एक पूर्ण पीळ बसला.

बस्स, सुईवरची वेणी म्हणजे एवढंच. सहा टाक्यांपैकी तीन टाके एका छोट्या सुईवर काढून थोडा वेळ बाजूला ठेवायचे. पुढचे तीन आधी विणायचे, मग बाजूला ठेवलेले विणायचे. काही कापायचं नाही, गाठ मारायची नाही. फक्त जागांची अदलाबदल!

बारकाईने पाहिलंत तर ही खरी वेणी नाही. केसांची वेणी तीन पेडांची असते, हिच्यात दोनच पेड आहेत. म्हणजे हा झाला दोरखंडाचा पीळ. इंग्रजीतही हिला 'केबल' म्हणजे जाड दोर असंच म्हणतात. आपल्याकडे मात्र आई-आजीने तिचं नाव 'वेणी' ठेवलं आणि तेच गोड वाटतं.

वेणीचा एक गुण आणि एक अवगुण ध्यानात ठेवा. जिथे टाके एकमेकांवरून जातात तिथे कापड जाड होतं, त्यात जास्त हवा अडकते आणि ऊब वाढते. हा गुण. पण त्याच जागी कापड आवळून अरुंद होतं. हा अवगुण. म्हणून वेणी घालायची असेल तर साध्या विणीपेक्षा थोडे जास्त टाके घ्यावे लागतात.

समुद्रातली तीन बेटं

ही वेणीची वीण जगभर गाजली ती अ‍ॅरन नावाच्या बेटांमुळे. युरोपच्या पश्चिमेला आयर्लंड हा देश आहे. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर गॉलवे नावाचं आखात आहे. त्या आखाताच्या तोंडाशी तीन बेटं आहेत. इनिश मोर, इनिश मान आणि इनिश ईर. सगळीकडे चुनखडीचा कातळ. माती इतकी थोडी, की लोकांनी वाळू आणि समुद्रातलं शेवाळ खडकावर पसरून शेतं तयार केली. पुरुष लाकडी पट्ट्यांच्या सांगाड्यावर डांबर लावलेलं कापड ताणून केलेल्या हलक्या होड्यांतून मासेमारीला जात. तिथला समुद्र खवळला तर होडी परत येईलच, याची खात्री नसे.

इथले पांढरे, जाडजूड, वेण्या-वेण्यांचे स्वेटर प्रसिद्ध आहेत. त्यांच्याबद्दल एक गोष्ट सांगतात. प्रत्येक घराण्याची म्हणे वेगळी नक्षी असे. कोळी समुद्रात बुडाला आणि कितीतरी दिवसांनी त्याचं शरीर दूर कुठेतरी किनाऱ्याला लागलं, तर स्वेटरची वीण पाहून लोक ओळखत, हा अमक्या घरचा! आणि ही नक्षी म्हणे हजार वर्षं आईकडून मुलीकडे चालत आली आहे.

गोष्ट ऐकून अंगावर काटा येतो ना? मी ही गोष्ट माझ्या वर्गात सांगितली, तेव्हा सगळा वर्ग चिडीचूप झाला. मग मागच्या बाकावरून एक प्रश्न आला, "बाई, पण हे कुणाला कसं कळलं?"

शाबास! असाच प्रश्न विचारायला हवा. चला तर, गोष्टीचा धागा धरून मागे मागे जाऊ.

धागा मागे नेला, तर...

जॉन मिलिंग्टन सिंग नावाचे एक आयरिश लेखक होते. (आडनाव आपल्याकडच्या सिंगांसारखं ऐकू येतं, पण नातं काही नाही बरं का!) १८९८ पासून काही वर्षं ते या बेटांवर जाऊन राहत. तिथल्या माणसांवर त्यांनी पुस्तक लिहिलं, ते १९०७ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात बेटावरच्या कपड्यांचं वर्णन आहे. काही तरुण मंडळी आता कोळ्यांचा नेहमीचा जर्सी स्वेटर घालू लागली आहेत, असं ते सांगतात. म्हणजे बेटावर स्वेटर तेव्हा नवीनच होता. मग हजार वर्षांची नक्षी कुठून आली?

याच लेखकाचं 'रायडर्स टू द सी' नावाचं नाटक १९०४ मध्ये डब्लिन शहरात रंगमंचावर आलं. त्यात एका घरातला मुलगा समुद्रात हरवलेला असतो. दूरच्या किनाऱ्यावर सापडलेल्या एका माणसाचे कपडे गाठोड्यात बांधून त्याच्या घरी येतात. दोघी बहिणी ते गाठोडं सोडतात. त्यात एक पायमोजा असतो. धाकटी बहीण त्याचे टाके मोजते आणि तिला कळून चुकतं, की हा मोजा तिनेच विणलेला होता आणि तो भावाचाच आहे.

नीट लक्ष द्या. नाटकात स्वेटर नाही, पायमोजा आहे. घराण्याची नक्षी नाही, मोजलेले टाके आहेत. पण ऐकणाऱ्याने सांगितलं, सांगणाऱ्याने वाढवलं, आणि मोज्याचा झाला स्वेटर, टाक्यांची झाली नक्षी! अगदी आपल्या वेणीसारखंच. तीन टाके इकडचे तिकडे गेले.

पुढची अदलाबदल केली हाइंट्स एडगर कीव्हे या गृहस्थांनी. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला त्यांचं लोकरीचं दुकान होतं. १९३६ मध्ये डब्लिनला त्यांनी एक पांढरा, नक्षीदार स्वेटर विकत घेतला. ते त्याच्या प्रेमातच पडले. ही वीण हजारेक वर्षांपूर्वीच्या पवित्र पोथ्यांमधल्या चित्रांतही दिसते, असं त्यांनी लिहून टाकलं. दुकानदाराला गोष्ट आवडली, गिऱ्हाइकाला तर त्याहून आवडली.

तिचा खरेखोटेपणा तपासला रिचर्ड रट यांनी. हे गृहस्थ इंग्लंडमधले बिशप, म्हणजे चर्चमधले मोठे धर्मगुरू, आणि स्वतः विणकाम करणारे! १९८७ मध्ये त्यांनी हाताने केलेल्या विणकामाच्या इतिहासावर मोठा ग्रंथ लिहिला. जुन्या वस्तू, जुनी चित्रं, जुने कागद तपासत गेल्यावर हजार वर्षांच्या दाव्याला त्यांना आधार सापडला नाही.

मग खरं काय?

आयर्लंडचा पश्चिम किनारा तेव्हा फार गरीब होता. १८९१ मध्ये सरकारने तिथल्या लोकांना मासेमारी आणि घरगुती उद्योगांत मदत करायला एक मंडळ नेमलं. बाहेरगावचे कोळी बेटांवर येऊ लागले. त्यांच्या अंगात नक्षीदार जर्सी असत. बेटावरच्या बायकांनी ती वीण पाहिली, उचलली आणि आपल्या डोक्याने वाढवली, असं अभ्यासक मानतात. कुणी वेणी जाड केली, कुणी शेजारी शंकरपाळ्यांची ओळ घातली, कुणी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नक्षी काढली. पुढे हे स्वेटर विकले जाऊ लागले आणि घरात चार पैसे येऊ लागले.

१९६१ मध्ये क्लॅन्सी बंधू आणि टॉमी मेकम हे आयरिश गायक अमेरिकेच्या दूरदर्शनवर 'एड सलिव्हन शो'मध्ये पांढरे अ‍ॅरन स्वेटर घालून गायले. मग काय विचारता! मागणी एकदम वाढली. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात कपड्यांचं प्रदर्शन भरलं, त्यातही अ‍ॅरन स्वेटरला मानाची जागा मिळाली.

आता तुम्ही म्हणाल, गोष्ट थोडी खोटी असली तर बिघडलं कुठे? बिघडतं. नक्षी हजार वर्षांची आहे म्हटलं, की त्या बायकांनी नवीन काहीच केलं नाही, आईने दिलं तेच गिरवलं, असा अर्थ होतो. खरं तर त्यांनी नवी वीण पाहिली, समजून घेतली, तिच्यात भर घातली आणि त्यावर घर चालवायला हातभार लावला. खोट्या गोष्टीने त्यांची हुशारीच पुसून टाकली. मला विचाराल, तर खरी गोष्ट जास्त आवडण्यासारखी आहे.

"हे तर मुलींचं काम!"

वर्गात सुया काढल्या, की एखादा मुलगा हे म्हणतोच. त्याला बिशप रट यांच्याबद्दल सांगा. आणि हेही सांगा. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये अमेरिकेतल्या रेडक्रॉसने सैनिकांसाठी स्वेटर, मफलर, पायमोजे आणि मनगटाच्या बाह्या विणून द्या, असं लोकांना सांगितलं. होय, आपण आज विणणार आहोत तशाच बाह्या! हात उबदार राहावा, पण बोटं कामाला मोकळी असावीत म्हणून. शाळाशाळांमधून मुलींबरोबर मुलगेही विणायला बसले होते. सुईला हात मुलाचा की मुलीचा, ते काही कळत नाही.

चला, सुया उचला!

सुलट टाका, उलट टाका, टाके घालणं आणि बंद करणं या चार गोष्टी घरातल्या किंवा शेजारच्या जाणकार माणसाकडून आधी शिकून घ्या. आठवडाभर साधी पट्टी विणा. मग याला हात घाला. ही मापं साधारण दहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी आहेत.

साहित्य : मध्यम जाडीची लोकर सुमारे ५० ग्रॅम (हात सैल असेल तर थोडी जास्त लागेल), ८ नंबरच्या म्हणजे ४ मिलिमीटर जाडीच्या दोन सुया, वेणीसाठी एक छोटी सुई (नसेल तर गुळगुळीत पेन्सिल चालेल), लोकर ओवता येईल अशी मोठ्या नेढ्याची सुई. दुकानात एक गंमत लक्षात ठेवा. या जुन्या पद्धतीत नंबर वाढतो तशी सुई बारीक होते!

आधी २२ टाक्यांचा एक छोटा साधा तुकडा विणून पट्टीने मोजा. रुंदी १० सेंटिमीटरच्या आसपास यायला हवी. कमी आली तर ७ नंबरच्या सुया घ्या. जास्त आली तर ९ नंबरच्या.

कृती :

१) कोपराकडून सुरुवात करायची. ४२ टाके घाला. एक सुलट, एक उलट अशा १२ ओळी विणा. ही झाली काठाची पट्टी.

२) आता नक्षी. सहा ओळींचा एक संच.
पहिली आणि तिसरी ओळ : १६ सुलट, २ उलट, ६ सुलट, २ उलट, १६ सुलट.
दुसरी, चौथी आणि सहावी ओळ : १६ उलट, २ सुलट, ६ उलट, २ सुलट, १६ उलट.
पाचवी ओळ वेणीची : १६ सुलट, २ उलट. पुढचे ३ टाके छोट्या सुईवर काढून कामाच्या पुढे, म्हणजे आपल्या बाजूला ठेवा. त्यानंतरचे ३ टाके सुलट विणा. मग छोट्या सुईवरचे ३ सुलट विणा. २ उलट, १६ सुलट.

३) असे ८ संच विणा. म्हणजे ४८ ओळी झाल्या.

४) पुन्हा एक सुलट, एक उलट अशा ८ ओळी विणून टाके सैलसर बंद करा.

५) दुसरी बाही तशीच. फक्त वेणीच्या ओळीत छोटी सुई कामाच्या मागे ठेवा. मग तिचा पीळ उलट्या दिशेला पडेल आणि दोन्ही हात आरशातल्यासारखे दिसतील.

६) बाजू जोडून शिवा. बोटांकडच्या टोकापासून ३ सेंटिमीटर शिवा, पुढे ४ सेंटिमीटर अंगठ्यासाठी उघडं सोडा, मग कोपरापर्यंत शिवून टाका.

मधल्या वेणीच्या दोन्ही बाजूंना २ उलट टाके का घेतले, सांगा बघू? उलट टाके आत दबतात, त्यामुळे मधले सुलट टाके उठून दिसतात. चित्राभोवती चौकट असते ना, तसं!

अदलाबदल करायला विसरलात, तर तीन-चार ओळी पुढे गेल्यावर वेणीचा एक वेढा लांबलेला दिसेल. तिथपर्यंत उसवा आणि पुन्हा विणा. लोकर रागावत नाही. कागदावर पुसलेलं दिसतं, उसवलेलं विणकाम पुन्हा कोरं होतं. ओळींचा हिशेब चुकू नये म्हणून वहीत प्रत्येक ओळीला एक रेघ ओढा.

आईबाबांसाठी दोन शब्द

मूल अडलं, की सुया हातात घेऊन त्याचं काम पुरं करून देऊ नका. शेजारी बसून आपल्या दुसऱ्या सुयांवर दाखवा. एका बैठकीला चार-सहा ओळी पुष्कळ झाल्या. सुया टोकदार असतात, तेव्हा लहान भावंडांपासून दूर ठेवाव्यात. दुकानात 'लोकर' म्हणून मिळते ती पुष्कळदा अ‍ॅक्रिलिकची असते. ती धुवायला सोपी, पण आचेने वितळते. म्हणून त्यावर कडक इस्त्री फिरवू नये आणि बाह्या घालून शेगडी किंवा शेकोटीजवळ हात नेऊ नये, हे मुलांना आवर्जून सांगावं.

आता जरा हिशेब

एका बाहीत १२ अधिक ४८ अधिक ८, म्हणजे ६८ ओळी. प्रत्येक ओळीत ४२ टाके. गुणाकार करा. २,८५६! दोन्ही बाह्यांचे मिळून ५,७१२ टाके. एवढे टाके तुमच्या बोटांखालून जातील. त्यातला एखादा सैल असेल, एखादा घट्ट. कुणाच्या वेणीला पीळ घट्ट बसेल, कुणाच्या सैल. वर्गात चाळीस जणांनी हीच कृती वाचून विणलं, तरी चाळीस जोड्या सारख्या होणार नाहीत. नाटकातल्या त्या बहिणीने भावाचा मोजा का ओळखला, ते तेव्हा तुम्हाला नीट समजेल.

विणून झालं, की एका चिठ्ठीवर आपलं नाव, तारीख आणि टाक्यांचा आकडा लिहा. चिठ्ठी बाह्यांबरोबर कपाटात ठेवा. पुढे कुणी तुमच्या वेणीबद्दल भलतीच गोष्ट सांगू लागलं, तर खरं काय ते चिठ्ठी सांगेल!